पुन्हा उमटलेली खूण

मदतकक्षातल्या ताईंनी फोन ठेवला नव्हता. पलीकडे ऐकू जाऊ नये म्हणून बटण दाबून फक्त आपला आवाज बंद केला होता, आणि निवलेल्या चहाचा घोट घेत त्या मागच्या रांगेकडे वळून म्हणाल्या, "घसा बसलाय बिचारीचा रडून. म्हणते, मी सकाळीच पोराच्या बापाच्या नावापुढची टिक काढली. काढली, तेवढ्यात वर पाळणाघराने टाकलेला पोराचा कालचा फोटो आला, तो बघून मी हसले, मग फॉर्ममध्ये खाली गेले आणि जतन केलं. आता फोटोचं काय एवढं, पण सांगतेय आपली सगळं बारीकसारीक. इकडे नोंद बघावी तर टिक जशीच्या तशी. काय बोलायचं माणसाने?" मागच्या रांगेत, जिथे ॲप लिहिणारे बसत, तिथे ती संत्रं सोलत बसली होती. जेवण नेहमीसारखं अर्धवट राहिलं होतं, आणि संत्रं एका हाताने खाता येतं, दुसरा हात कामाला मोकळा राहतो, एवढ्यासाठी ती हल्ली संत्री आणायची. 'फोटो आला' हे दोनच शब्द तिने ऐकले. तिचं सोलणं थांबलं. का, ते डोक्याला अजून कळलं नव्हतं. ती सालं गोळा करायला लागली, ती नीट एकावर एक रचली, मग रचलेली पुन्हा विस्कटली.

"बाप घेऊन गेला का?" कोणीतरी विचारलं.

"गेला की. दुपारी झोपायच्या वेळेला आला, पाळणाघरातल्या बाईंनी ॲपमध्ये बघितलं, हिरवं दिसलं, दिलं पोर. त्यांची तरी काय चूक? आई पोलीस चौकीत बसलीय. ते म्हणतात, तुम्हीच परवानगी दिलीय, मग पळवलं कसं म्हणायचं? संध्याकाळपर्यंत वाट बघा म्हणतात." ताईंनी कप ठेवला. "मागे एकदा नेलं होतं म्हणे त्याने असंच. किती दिवस पत्ता नव्हता. कोर्टाने मूल हिच्याकडे दिलंय, त्याला भेटायचीसुद्धा मनाई. कालच निकाल लागला, कागद हातात यायचाय अजून, पण आज सकाळी उठल्याबरोबर टिक काढायला बसली, म्हणते." मग त्यांनी बटण दाबलं, आवाज एकदम मऊ केला, आणि फोनमध्ये म्हणाल्या, "हो मॅडम, ऐकतेय मी. नाही, आमच्याकडे तसंच दिसतंय."

तसंच दिसतंय. ते तसं का दिसतंय हे त्या मजल्यावर फक्त एका माणसाला सांगता आलं असतं, आणि त्या माणसाच्या नखांत संत्र्याची साल अडकली होती. पाळणाघरांच्या त्या ॲपमधला बराचसा भाग तिने लिहिलेला होता: मुलाने काय खाल्लं, किती झोपलं, दिवसभरातले फोटो, सुट्ट्यांचे निरोप. तो फ्रेमवर्क नावाच्या तयार सांगाड्यावर उभा होता, म्हणजे पडद्यावरचा प्रत्येक तुकडा सुटा, आणि माहिती बदलली की ज्याचा तो तुकडा आपणहून नव्याने रंगणारा. परवानगीचा फॉर्म मात्र त्यांचा नव्हता. मूल कोणाच्या हाती द्यायचं, कोणाच्या द्यायचं नाही, तो फॉर्म दुसऱ्या एका कंपनीने तयार केलेला होता, आणि तो आपल्या ॲपमध्ये आणून बसवायचा एवढंच तिचं काम होतं. सासूबाईंनी एकदा, तिच्या बाळाच्या, ठकीच्या, पायांना तेल चोळता चोळता, सहज विचारलं होतं, तू करतेस तरी काय गं दिवसभर, तेव्हा तिने सांगितलं होतं की समजा भिंत माझी आहे, आणि त्या भिंतीत मी एक खिडकी बसवते, पण खिडकीतून दिसणारी खोली दुसऱ्याची असते. मला त्या खोलीत जाता येत नाही. मी फक्त चौकट बसवते. सासूबाई म्हणाल्या होत्या, मग पडदा लाव, लोकांच्या खोलीत कशाला बघायचं. दोघी हसल्या होत्या, आणि मधे पडलेली ठकी, दोघी हसतायत म्हणून, आपणही दात नसलेलं तोंड पसरून हसली होती.

त्या खिडकीने तिला रडकुंडीला आणलं होतं. दोन भावंडं पाळणाघरात असली, आणि आईने थोरल्यावरून धाकट्यावर बोट नेलं, की वरचं नाव बदलायचं पण खाली फॉर्म थोरल्याचाच राहायचा. फ्रेमवर्कला वाटायचं, खिडकी तीच आहे, कशाला हलवा. मग त्याला सांगावं लागतं की बाबा, ही खिडकी वेगळी, जुनी काढ आणि नवी बसव. त्यासाठी खिडकीला एक ओळखीचा आकडा द्यायचा असतो. तो बदलला की फ्रेमवर्क जुनी खिडकी उचकटतं आणि नवी लावतं. आकडा मुलाचा द्यायला हवा होता. थोरल्याचा वेगळा, धाकट्याचा वेगळा, बस्स. तिने तो दिला नव्हता. त्या दिवशी तिच्या हाताशी दुसरा एक आकडा होता, मुलाच्या माहितीत काहीही बदललं की बदलणारा, तो तिने लावून टाकला, आणि भावंडांचे फॉर्म शहाण्यासारखे आपापल्या जागी गेले. नवी खिडकी उघडताना फॉर्म क्षणभर कोरा दिसायचा, ते बरं दिसत नाही म्हणून आधी जतन केलेली उत्तरं पापणी लवायच्या आत त्यात भरायची सोयही तिनेच केली होती. त्याचं कौतुकही झालं होतं. किती गुळगुळीत झालंय, असं म्हणाले होते सगळे. काही कळतसुद्धा नाही.

काही कळतसुद्धा नाही. मुलाच्या माहितीत काहीही बदललं की. आणि फोटो आला की बदलणार नाही तर काय होणार. ती उठली. तपासणीच्या टेबलावर शंकासुर बसला होता. त्याचं हे नाव ऑफिसने ठेवलं होतं, कारण जगात एकही गोष्ट धड चालत असेल यावर त्याचा विश्वास नव्हता. लिफ्टमध्ये शिरतानासुद्धा तो आधी एक पाय आत ठेवून बघायचा. "एक काम कर ना," ती म्हणाली, आणि आपला आवाज नेहमीसारखा आला याचं तिला नवल वाटलं. "बंड्याला एक फोटो पाठव. मी सांगेन तेव्हा." बंड्या म्हणजे चाचणीसाठी बनवलेलं खोटं मूल. त्याचा फोटो म्हणून शंकासुराने कधीकाळी एक बटाटा लावला होता, आणि बटाट्याच्या आई-वडिलांची, आजीआजोबांची, मावशीचीसुद्धा नावं भरलेली होती. "बंड्याची तब्येत बरी आहे ना?" शंकासुर म्हणाला. "हल्ली तू त्याच्याकडे बघत नाहीस." ती हसली. आपल्या जागेवर येऊन तिने बंड्याची आई म्हणून फॉर्म उघडला. आई, टिक. वडील, टिक. आजी, टिक. तिने वडिलांच्या नावापुढच्या चौकोनावर बोट दाबलं. चौकोन रिकामा झाला. किती साधा होता तो, चार रेघांचा. तिने मान न वळवता म्हटलं, "पाठव." वरच्या पट्टीत बटाटा आला, छोटासा, गोल, आणि पट्टीवर एक लाल ठिपका. ती बटाट्याकडे पाहत राहिली. मुद्दाम पाहत राहिली, कारण त्या बाईनेही पाहिलं असणार. मग नजर खाली आणली, तेव्हा वडिलांच्या नावापुढे टिक होती. ती हलली नव्हती, चमकली नव्हती, कुठून आली त्याचा मागमूस नव्हता. जणू कोणी काढलीच नव्हती. "झालं का?" शंकासुराने विचारलं. "झालं," ती म्हणाली. "काय बघत होतीस?" "काही नाही, असंच." त्याने मान तिरकी करून तिच्याकडे पाहिलं, पण तेवढ्यात त्याचा फोन वाजला.

कप्तान म्हणजे तिच्या गटाचा प्रमुख; त्याची खोली काचेची होती. त्याला कप्तान म्हणायचे ते कुठलंही संकट आलं की तो आधी बाही वर सारायचा म्हणून, आणि आज त्याच्या दोन्ही बाह्या आधीच कोपरापर्यंत गेल्या होत्या; पाळणाघरवाल्यांचा फोन तिथे पोचला होता तर. तिने उभ्या उभ्याच सांगितलं. खिडकी, आकडा, फोटो, टिक. सांगताना तिला आपलंच बोलणं फार लांबलंय असं वाटत राहिलं, आणि घाईत दोन शब्द उलटसुलट झाले, ते तिने दुरुस्त केले, मग पुन्हा तेच झाले. कप्तानाने ऐकून घेतलं. तो वाईट माणूस नव्हता. ठकी झाली तेव्हा त्याने स्वतःहून तिची सकाळची मीटिंग पुढे ढकलली होती. "बस आधी," तो म्हणाला. "पाणी घे. आता मला सांग, त्या बाईंच्या फोनवर हेच झालं, हे तू बघितलंस?"

"त्यांच्या फोनवर कसं बघणार सर? पण त्या म्हणतात तसंच्या तसं—"

"त्या म्हणतात. नोंद काय म्हणते? नोंदीत त्यांच्या खात्यातून, त्यांच्या हाताने, होय असं गेलंय. हे बघ, मीही बाप आहे, मला कळत नाही असं समजू नकोस. पण आपण फोन करून म्हणालो की चूक आमची, आणि निघालं काही वेगळंच, तर? वकिलांना कळवलंय मी. त्यांचं उत्तर येईपर्यंत कोणी काही बोलायचं नाही. उद्या सकाळी सगळे मिळून शांतपणे बघू."

"पोलीस शोधत नाहीयेत सर. आपल्या नोंदीमुळे. उद्यापर्यंत तो कुठे जाईल, कोणाला माहीत."

कप्तानाने बाही आणखी वर सारली, सारायला आता जागा नव्हती तरी. मग आवाज खाली आणून, अगदी मायेने म्हणाला, "रागावू नकोस. पण मागच्या आठवड्यात तू म्हणालीस, सुट्ट्यांचा नवा भाग ॲपला जोडला. शपथेवर सांगत होतीस. बघितलं तर जोडला नव्हतास. झोप होतेय का तुझी? माझी बायको वर्षभर अशीच होती. फ्रिजमध्ये चपला ठेवायची. होतं हे."

ती खोलीतून बाहेर आली तेव्हा तिला वाटलं, असेल. हा शब्द तिच्या जिभेवर आता आपणहून यायचा. नवरा म्हणाला, औषध मी आणते असं तूच म्हणाली होतीस, असेल. सासूबाई म्हणाल्या, अगं, दुपटी तूच वर ठेवलीस, असेल. डॉक्टर म्हणाले, मागच्या खेपेला सांगितलं होतं तुम्हाला, असेल. हे सगळे प्रेमाने बोलत, कोणी टाकून बोलत नसे, आणि त्यामुळेच भांडायला कुठे जागा नसे. सुरुवातीला ती आठवून बघायची: आपण उभे कुठे होतो, हातात काय होतं, तो काय म्हणाला, आपण काय म्हणालो. मग आठवून बघायचाही कंटाळा आला. सुट्ट्यांचा भाग तिने जोडला होता की नव्हता? तिला बटण दाबल्याचं आठवत होतं. दाबलं त्याच वेळी खांद्याशी धरलेल्या ठकीला ढेकर आली होती, खांद्यावर ऊन दूध सांडलं होतं, हेही आठवत होतं. पण दाबलं नव्हतं. नोंदीत नव्हतं. मग ऊन दूध तरी सांडलं होतं का? आणि आत्ता, एवढ्यात, बंड्याच्या बापापुढची टिक तिने खरंच काढली होती का, की काढायची म्हणून बोट नेलं आणि तेवढ्यात बटाटा आला? चौकोन रिकामा पाहिल्याचं तिला आठवत होतं. चार रेघा. पण ते आठवणं कितपत आपलं?

छाती ठणकायला लागली होती. घड्याळापेक्षा छाती नेमकी. या वेळेला घरी ठकी जागी होऊन मुठी तोंडात घालत असणार. तिने पिशवी उचलली आणि जिन्याजवळच्या सामानाच्या खोलीत गेली. तिथे मोडक्या खुर्च्या, जुने कीबोर्ड, तारांची भेंडोळी आणि मधोमध तिच्यासाठी ठेवलेली एक धड खुर्ची होती. दाराला कडी नव्हती, म्हणून बाहेर एक कागद लटकवायचा. ती दूध काढायचा पंप लावून बसली, पण दूध येईना. दूध ऐकत नाही. मन थाऱ्यावर नसलं की ते आतच गाठ मारून बसतं. तिने डोळे मिटले आणि रोजच्यासारखं ठकीला डोळ्यासमोर आणायला गेली, तर समोर आई आली, तिची स्वतःची, कपाटासमोर ओणवी उभी, कपड्यांच्या घड्या उलगडत. घराची एक किल्ली आईची होती, ती दाराशेजारच्या खिळ्याला असायची. कधी कधी ती खिळ्याला नसे. ज्या दिवशी आईला मावशीकडे जायचं असे, किंवा बँकेत, नेमकी त्या दिवशी नसे. वडील पेपरातून डोकं वर न काढता म्हणायचे, तूच ठेवलीस कुठेतरी, शोध. आई म्हणायची, मी खिळ्यालाच लावली होती. ठामपणे म्हणायची, बोट खिळ्याकडे करून. मग घर उलथंपालथं करायची, घामाघूम व्हायची, मावशीकडे जायची वेळ टळायची, आणि दुसऱ्या दिवशी किल्ली पिठाच्या डब्यामागे सापडायची. वडील हसायचे. वाईट हसायचे नाहीत, लाडाने, बायकोचं काय करावं अशा तऱ्हेने. हे कित्येक वर्षं चाललं. त्यातला कुठला तरी एक दिवस असा होता की आई 'खिळ्यालाच लावली होती' असं म्हणाली नाही. तिने रिकाम्या खिळ्याकडे पाहिलं आणि सरळ कपाट उघडून शोधायला लागली. तो दिवस कुठला, हे कोणालाच माहीत नव्हतं. त्या दिवशी घरात काहीच घडलं नव्हतं. भाजी झाली, कपडे वाळले, ती स्वतः शाळेतून आली. पण माणूस हरवतो तो त्या दिवशी, किल्ली हरवते त्या दिवशी नव्हे, असं तिला त्या मोडक्या खुर्च्यांमध्ये बसल्या बसल्या वाटलं.

बाटलीत तळाला जेमतेम ओल आली होती. तिने पंप काढला, बटणं लावली, आणि जागेवर परत येऊन शंकासुराला म्हणाली, "बंड्याला अजून एक फोटो पाठव. आणि इकडे ये. माझ्यामागे उभा राहा."

"मला दिसतंय इथून."

"नाही. इथे ये. मी काय करते ते बघ, आणि तुला काय दिसतं ते मला सांग. माझं मी बघितलेलं मला पुरत नाही आज." तो आला. चेष्टा करायला तोंड उघडलं होतं ते त्याने मिटलं. तिने टिक काढली. "काय दिसतंय?" "रिकामं." "नक्की?" "अगं, रिकामं आहे." त्याने हातातल्या फोनवरून बटाटा पाठवला. वर बटाटा आला. शंकासुराचा श्वास तिच्या कानामागे थांबला. "टिक आली," तो म्हणाला. "परत आली. तू हात नाही लावलास." मग, "त्या फोनवरच्या बाईचं हेच झालं ना?" तिने मान हलवली. तो म्हणाला, "मी फोटो टाकून कधी बघितलंच नाही. फॉर्म भरताना कोणी फोटो कशाला टाकेल." त्याच्या कपाळावर घाम आला होता, आणि तिला एकदम त्याचा कळवळा आला, हा माणूस सगळ्यावर संशय घ्यायचा, आणि नेमकं हे त्याच्या हातून निसटलं होतं. पण कळवळ्याला आता वेळ नव्हता. पुढे ताई पुन्हा फोनवर होत्या, आणि मघापेक्षा हळू बोलत होत्या, आजारी माणसाशी बोलावं तसं. "होतं असं मॅडम. धावपळीत आपण करतो एक आणि वाटतं दुसरं. माझंही होतं. तुम्ही जरा शांत व्हा, पाणी प्या."

ती टेबलांच्या मधून चालत गेली. वाटेत काचेमागे कप्तान दिसला, तो फोनवर होता, पाठ इकडे होती. ताईंनी तिला येताना पाहिलं आणि बटण दाबून आवाज बंद केला. "काय गं? पांढरीफटक पडलीयस."

"ताई, मला बोलू द्या."

"कोणाशी? हिच्याशी? अगं, आत्ताच वरून निरोप आलाय, काही बोलायचं नाही. नुसतं ऐकून घ्यायचं."

"मला माहितीय. द्या."

ताईंनी तिच्याकडे बघितलं. त्यांची स्वतःची तीन मुलं मोठी होऊन आपापल्या वाटेला गेली होती, आणि या नोकरीला दोन वर्षं उरली होती. तिच्या तोंडाकडे बघताना त्या हे सगळं मनात मोजत असाव्यात. मग त्यांनी कानावरची हेडफोनची पट्टी काढली, तिच्या हातात दिली, आणि खुर्ची मागे सरकवत म्हणाल्या, "मी चहा आणायला गेले होते." त्या उठल्या आणि खरंच निघून गेल्या. पट्टी कोमट होती, ताईंच्या केसांच्या तेलाचा वास होता तिला. तिने ती कानाला लावली, बटण दाबलं. पलीकडे पंखा फिरत होता, कोणी खुर्ची ओढत होतं, लांबवर एक पुरुषी आवाज जेवणाबद्दल काहीतरी सांगत होता. आणि अगदी जवळ, तोंडाशी, तो बसलेला घसा. बाई आता रडत नव्हती. ती विचार करत होती, आणि तिचा विचार ऐकू येत होता.

"हॅलो? आहात ना?" ती बाई म्हणाली. "मी काय म्हणते, हे साहेब म्हणतात, तुम्हीच टिक केली असेल, घाईत. सकाळी खरंच घाई होती हो. त्याचा डबा भरायचा होता, मला कामावर पोचायचं होतं. मला वाटतंय मी काढली, पण, असेल का तसं? माझंच काही चुकलं असेल का?"

हाच तो दिवस, तिला वाटलं. तो असा येतो, पंखा फिरत असताना, कोणी जेवणाबद्दल बोलत असताना. तिच्या छातीत कळ आली आणि मघाशी हट्ट धरून बसलेलं दूध आता, नको तेव्हा, भसकन सुटलं. कुर्ता पुढून भिजत गेला, ऊन आणि मग लगेच गार. तिने दुसऱ्या हाताने टेबलाची कड धरली.

"नाही," ती म्हणाली. "तुमचं चुकलेलं नाही. तुम्ही टिक काढली होती."

पलीकडे खुर्ची करकरली.

"तुम्ही काढली होती. मग वर त्याचा फोटो आला, आणि फोटो आला म्हणून आमच्या ॲपने फॉर्म पुन्हा पहिल्यासारखा करून टाकला. टिक तुमच्या नकळत परत आली. तुम्ही खाली होतात, ती वर होती, तुम्हाला दिसलीच नसणार. मी आत्ता करून बघितलं. दोनदा. दुसऱ्या माणसालाही दाखवलं. तुम्ही सांगताय ते सगळं खरं आहे."

"परत सांगा," बाई म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. त्यात आभार नव्हते, राग नव्हता, कठीण जमिनीवर पाय टेकल्यावर येतो तसा नुसता जोर होता. "थांबा. साहेब, इकडे या. इकडे या म्हणते ना. हे ऐका. मोठ्याने सांगा हो."

फोनचा आवाज पोकळ झाला. पुरुषी आवाज जवळ आला, कंटाळलेला. "कोण बोलतंय?"

तिने पुन्हा सांगितलं. आता शब्द उलटसुलट होईनात. खिडकी म्हणाली नाही, आकडा म्हणाली नाही. बाईंनी 'नाही' सांगितलं आणि आमच्या चुकीने त्याचं 'होय' झालं, एवढंच सांगितलं.

"म्हणजे यांनी परवानगी दिली नव्हती?"

"नव्हती."

"हे तुम्ही कशावरून म्हणता? तुमच्याच ऑफिसने मघाशी आम्हाला नोंद पाठवलीय, तिच्यात होय आहे."

"नोंद चुकीची आहे. तो फॉर्म मी बसवलाय. माझ्या हातून झालंय ते." मागे काचेचं दार उघडल्याचा आवाज आला, आणि कप्तानाने तिला हाक मारली, एकदा हळू, मग जरा मोठ्याने. ती वळली नाही. पोलिसाने कागद ओढल्याचं ऐकू आलं.

"तुमचं नाव सांगा."

तिने सांगितलं. पूर्ण, बापाचं सांगू की सासरचं असं न अडखळता, शाळेच्या हजेरीत सांगायची तसं सलग. त्याने विचारलं म्हणून पत्ता सांगितला, फोन नंबर सांगितला. हे लेखी लागेल, तो म्हणाला. देते, ती म्हणाली. आजच लागेल. आजच देते. तिच्या खांद्याशी कप्तान येऊन उभा राहिला होता. तिच्या भिजलेल्या कुर्त्याकडे पाहून त्याने नजर दुसरीकडे वळवली होती. पलीकडे पोलिसाचा आवाज फोनपासून लांब गेला आणि पार बदलला, भराभर चालू लागला. कोणाला तरी हाक मारली, गाडीचं विचारलं, बस स्थानकाचं नाव घेतलं. कोणीतरी उठून गेलं. मग तो बाईला म्हणाला, आणि पहिल्यांदाच तिला ताई म्हणाला, "ताई, मुलाचं वर्णन सांगा. सावकाश सांगा."

फोन बंद करायचं कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. आता तिचं तिथे काही काम नव्हतं, तरी पट्टी कानाला धरून ती ऐकत राहिली. बाई सांगत होती. उंची सांगितली, रंग सांगितला, केस पुढून कापलेत म्हणाली, घरीच कापलेत, वाकडे झालेत. उजव्या कानामागे तीळ आहे. अनोळखी माणसाने गोड बोललं की लगेच चिकटतो. दमला की अंगठा चोखतो, डावा. पोलीस मधेच म्हणाला, बरं, आणि लिहीत राहिला, आणि कुठल्याच वाक्यावर त्याने, नक्की का, असं विचारलं नाही.

"आणि हाक मारली तर पहिल्या हाकेला बघत नाही तो," बाई म्हणाली. "ऐकू येतं, पण खेळात असतो. तुमच्या माणसांना सांगा, दोनदा मारायची. दुसऱ्या हाकेला येतो."